तारीख मोकळी आहे का?

सांगलीजवळच्या एका मंगल कार्यालयाची वेबसाइट मी केली तेव्हा पहिल्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘सोहळा तुमचा, आनंद आमचा’. ही ओळ सुचायला मला चार दिवस लागले होते. मालकांना ती इतकी आवडली की त्यांनी फाटकावरच्या पाटीवरही रंगवून घेतली. पाटी अजून आहे. वेबसाइटवरून ती मीच काढली.

त्या पडद्यावर आणखी काय काय होतं ते लाज गिळून सांगतो. मागे झेंडूच्या पाकळ्या उधळल्याचा व्हिडिओ, वर पांढरी बारीक अक्षरं, मग आपोआप सरकणारे पाच फोटो आणि खाली बटण : ‘अधिक जाणून घ्या’. पहिला फोटो विकतच्या संग्रहातला. मालकांच्या आईंनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून बघितला आणि विचारलं, “ही कुणाकडची नवरी रे? मुंडावळ्या कुठायत हिच्या?” नवरीच्या अंगावर लेहेंगा होता, हातांत कोपरापर्यंत लाल चुडा. मी ‘बदलतो’ म्हणालो आणि तीन महिने बदलला नाही.

तुळशीचं लग्न झालं, हंगाम लागला. कार्यालयाचा फोन दिवसभर खणखणत होता. वेबसाइटवरून महिन्याभरात एकही चौकशी कानावर आली नाही. मालक काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. राहिलेले पैसे मागायला गेलो तर ते बाहेर गेलेले, म्हणून ऑफिसात अण्णांसमोर बसून राहिलो.

अण्णा तिथले व्यवस्थापक. पुढ्यात लांबट वही, एका पानावर एक महिना. पक्की तारीख लाल पेनानं, ‘घरी विचारून सांगतो’वाल्याची पेन्सिलीनं. पाऊण तासात सहा फोन आले. सहाही जणांनी आधी तारीख सांगितली. अण्णा पान उलटत म्हणायचे, “१२ मे? मोकळी आहे. माणसं किती धरताय?” मग एका दमात, “हॉलमध्ये ६०० बसतात, एका पंगतीला २५०. जेवण आमचंच, बाहेरचा आचारी चालत नाही. येऊन बघून जावा.” नमस्कारसुद्धा अर्धाच. चौथ्या फोनला मला ते सगळं पाठ झालं होतं. मी चार दिवस डोकं खाजवून जे लिहू शकलो नाही, ते हा माणूस कानाला रिसीव्हर लावून दिवसातून तीसदा बोलत होता.

पैशांचा विषय मी त्या दिवशी काढलाच नाही.

मला माहीत नव्हतं असंही म्हणायची सोय नाही. वर्तमानपत्राच्या स्टॉलवर घडीच्या वरचा भागच तेवढा दिसतो. आमच्या धंद्यात पहिल्या पडद्याला ‘अबव्ह द फोल्ड’ म्हणतात ते त्यावरूनच. अमेरिकेतल्या नॉत्र दाम विद्यापीठात एरिक रन्यन यांनी २०१३ मध्ये स्वतःच्याच संस्थेच्या सरकत्या फोटोंची मोजणी मांडली होती : क्लिक करणारे साधारण एक टक्का, आणि त्यांतलेही बहुतेक पहिल्याच फोटोवर. हे मी वाचलेलं होतं, लोकांना सांगतही होतो. तरी स्लायडर लावला. कारण मालक तीन भाऊ. थोरल्यांना हॉल दाखवायचा, मधल्यांना लॉन, धाकट्यांना वातानुकूलित खोल्या. निवड करायची म्हटलं की कुणीतरी दुखावणार. स्लायडर लावला की सगळे खूश. माझा अनुभव सांगतो, निम्मे स्लायडर असेच भाऊबंदकी टाळायला लागलेले असतात.

व्हिडिओचं तर विचारूच नका. गूगलनं २०२० मध्ये माप घालून दिलं की पडद्यावरचा सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांत दिसला पाहिजे. माझ्या टेबलावर, वायफायवर, तो दिसायचा. तासगावकडच्या एसटीत बसून उघडला तेव्हा नुसता पिवळा चौकोन, आणि त्यावर न दिसणारी पांढरी अक्षरं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर साध्या मजकुराला किमान ४.५ : १ असावं, असं वेबसाइट सगळ्यांना वाचता याव्यात म्हणून केलेले डब्ल्यूसीएजीचे संकेत सांगतात. झेंडूवर पांढरं म्हणजे जेमतेम दोन.

मग मी दुसरी चूक केली, उलट्या बाजूची. अण्णांकडून परतलो त्याच रात्री सगळं पहिल्या पडद्यावर कोंबलं : हॉल, लॉन, खोल्या, पार्किंग, जनरेटर, नकाशा, तिन्ही भावांचे नंबर. सकाळी बायकोनं बघितलं आणि म्हणाली, “पत्रिका छापलीस की.” खरं तर पत्रिकेवर अन्याय झाला. तिच्यात पन्नास नावं असली तरी मुहूर्त आणि स्थळ कधी शोधावं लागत नाही.

तिसरी चूक अजून डाचते. बटणाचं नाव मी ‘तारीख विचारा’ केलं, आणि ते दाबलं की उघडायचा ११ रकान्यांचा तोच जुना अर्ज. ईमेलसकट, वधूपक्ष की वरपक्ष यासकट. वहीतली अण्णांची नोंद मी डोळ्यांनी पाहिली होती : नाव, गाव, मोबाइल. तरी अर्ज ११ रकान्यांचा. एवढं भरूनही ज्यांनी पाठवले ते अर्ज जात होते एका मेलबॉक्समध्ये, त्याचा पासवर्ड धाकट्या भावांच्या मुलाकडे, आणि मुलगा पुण्याला शिकायला. तो दिवाळीनंतर गेला तो परीक्षा संपल्यावरच आला. मेलबॉक्स उघडला तर आठ चौकश्या पडून. एक मांडववाल्याची, त्यालाच काम हवं होतं. उरलेल्या सात खऱ्या. मी एकेकाला फोन लावला. सगळ्यांची कार्यालयं केव्हाच ठरलेली. त्यांतल्या एका तारखेला आपलं कार्यालय रिकामं राहिलं, हे वहीत अण्णांनी मला बोट ठेवून दाखवलं. कोरा चौकोन. राहिलेले पैसे मी सोडून दिले. त्यानं काही फिटलं नाही.

आता पहिल्या पडद्यावर एकच फोटो आहे, बसलेल्या पंगतीचा. गावातल्याच फोटोग्राफरनं काढलेला, वाढप्याचा हात थोडा हललेला. त्याखाली अण्णांचीच वाक्यं, मी फक्त ‘जावा’चं ‘जा’ केलं. बटण दाबलं की अण्णांचं व्हॉट्सॲप उघडतं, ‘तारीख’ हा शब्द आधीच टाइप केलेला.

मोकळ्या तारखांचं कॅलेंडरही तिथंच लावावं असं माझ्या मनात आहे, पण पेन्सिलीच्या तारखांवर गाडी अडली आहे. त्यांवर ‘विचाराधीन’ लिहू, असं मी म्हणतो. अण्णा वही मिटून घेतात आणि म्हणतात, पेन्सिलीचं गिऱ्हाईक लाल होईपर्यंत कुणाला दाखवायचं नसतं.