नाव हिब्रू, आडनाव कोकणी!

‘टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ.’

इंटरव्ह्यूचा हा सगळ्यात सोप्पा प्रश्न. तुम्ही-आम्ही गाव, आई-बाबा, हॉबी वगैरे सांगून मोकळे होतो. माझी एक मैत्रीण मात्र नेमकी इथेच अडते. मुंबईच्या एका बी-स्कूलमध्ये ती एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. मार्केटिंग, प्रेझेंटेशन, केस स्टडी, सगळ्यात एकदम फाडफाड. पण ‘तू कुठली?’ म्हटलं की गाडी रुळावरून घसरते. नाव हिब्रू, आडनावाच्या शेवटी अस्सल कोकणातलं ‘कर’, घरात बोलणं मराठी आणि जेवणात नारळाच्या दुधाची आमटी. ‘म्हणजे ख्रिश्चन का?’ ‘नाही.’ ‘मग पारशी?’ ‘नाही हो, ज्यू. बेने इस्राएल.’ यानंतरची पाच मिनिटं समोरचाच चकित असतो.

‘एकदा गावाला चल, मग कळेल,’ ती म्हणाली. (अट एकच, माझं आणि गावाचं नाव छापायचं नाही.) निमित्त होतं नवसाचं. नातीला एमबीएला अ‍ॅडमिशन मिळाली तर मलिदा करीन, असं तिच्या आजीने एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया प्रेषितांना बोलून ठेवलेलं.

शुक्रवारी दुपारी गेटवेहून कॅटामरान पकडली. सूर्यास्ताच्या आत घरी पोचायचंच, कारण मग शब्बाथ सुरू. मांडव्याला उतरून रिक्षा केली, ती वाकडी वाट करून नवगावला नेली. थळच्या शेजारचं हे गाव. समोर समुद्रात खांदेरी-उंदेरी, किनाऱ्याजवळ दफनभूमी. समाजाची कथा इथूनच सुरू होते. फार पूर्वी एक गलबत इथे फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांना इथेच पुरलं, पुरुषांना वेगळं, बायकांना वेगळं. नेमकं कधी, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. वाचलेले कोकणात पसरले, तेल गाळू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ झाले.

‘वीकली ऑफचे पायोनियर!’ ती हसत म्हणाली. मग एका दगडावर हात ठेवून बराच वेळ गप्प उभी राहिली. मी फोटो काढला नाही.

राहिले त्या गावावरून आडनावं पडली. पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर. ‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा, अभिनेते डेव्हिड आठवतात? ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर. वरळीच्या डॉ. ई. मोझेस रोडवर तुम्ही ट्रॅफिकमध्ये शिव्या देत असाल, तर ते डॉ. मोझेस मुंबईचे महापौर होते. मशीद बंदरच्या सॅम्युअल स्ट्रीटवरचं 1796 चं प्रार्थनालय बांधणारे सॅम्युअल एझिकिएल दिवेकर. ही मंडळी सिनेगॉगला मशीदच म्हणायची, आणि मशीद स्टेशनचं नावही त्यावरूनच पडलं असं म्हणतात. अलिबागच्या इस्राएल आळीत 1848 चं मागेन आबोथ आहे. बीचवर मका खाऊन परत फिरणाऱ्या किती जणांनी तिकडे वळून पाहिलंय?

आजीचं घर रेवदंड्याच्या रस्त्यावर. कौलारू, मागे पोफळी, अंगणात जुन्या घाण्याचा दगड. ‘ये गो बाय!’ करत आजीने नातीच्या तोंडावरून हात फिरवला. दाराच्या चौकटीला मेझुझा आणि आत भिंतीवर चक्क भाग्यलक्ष्मी कॅलेंडर. जेवायला सुरमई. अलिबागला येऊन कोळंबी मिळणार नाही हे ऐकून माझा चेहरा पडला, तर आजी म्हणाली, ‘खवलं नसलेलं आमच्यात चालत नाय. तुला हवं तर बाहेर खा, मी रागवत नाय.’

शनिवारी सकाळी चालत सिनेगॉगला. सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तोरा वाचायलाही. त्या दिवशी आठ आले. कुणीतरी दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन बघून आलं. शेवटी जो तो आपापली प्रार्थना म्हणाला आणि तोरा पेटीतच राहिली. बायका पाच होतो, पण बायका मोजत नाहीत. ‘कॉलेजमध्ये प्रत्येक ग्रुपचा हेडकाउंट मीच घेते,’ ती कुजबुजली, ‘आणि इथे मीच काउंटमध्ये नाही.’ आजीने तिला चिमटा काढला.

1948 च्या आसपास भारतात बेने इस्राएल वीसेक हजार होते. पुढे बहुतेक जण इस्राएलला गेले. तिकडे त्यांना ‘तुम्ही खरे ज्यू का?’ असं ऐकावं लागलं. मोठं आंदोलन झालं, तेव्हा कुठे 1964 मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. हिची आत्या दिमोनाला, भाऊ अश्दोदला. दोघं फोनवर मराठीतच भांडतात. इथे उरलेत बाबा, आई, ही आणि आजी.

आणि हे घर, ज्याला एक गिऱ्हाईक आलंय. बाबा बँकेत, रिटायरमेंट जवळ. फी जबरदस्त. हिशेब सरळ आहे, घर विकलं की फी सुटते. आजी ‘विका’ म्हणते, ‘मी येते मुंबैला.’ म्हणताना मात्र नजर घाण्याकडे. नातीला हे ‘डील’ बाबांनी परवाच सांगितलेलं. बिझनेस शिकणारी पोरगी, पण त्या रात्री तिला एकही फॉर्म्युला सुचत नव्हता.

शब्बाथ संपला तसा मलिदा मांडला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या. एलियाहूंचं हिब्रू गाणं सगळ्यांनी म्हटलं, आजीच्या हेलात ते कोकणीच वाटत होतं. जवळच खंडाळ्याला एका खडकावर एलियाहूंच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा. तिथून ते वर गेले म्हणे. ‘जाताना इथनं गेले, इस्राएलातनं नाय,’ आजीने मला बजावलं. शेजारच्या आगरी काकू घरच्यासारख्या ताटं भरत होत्या.

रविवारी परतीच्या बोटीत डब्यातला मलिदा खाताना तिचा फोन वाजला. एजंट. बाबांनी तिचा नंबर दिलेला.

‘हो, मी नातच बोलतेय,’ ती म्हणाली. ‘नाही, बाबांशी नको, मी बोलते त्यांच्याशी. मी एज्युकेशन लोन घेतेय... ते माझं मी बघेन ना. तुम्ही असं करा काका, दोन वर्षांनी फोन करा. तेव्हाही नाही म्हणेन बहुतेक.’

फोन ठेवला आणि डबा माझ्याकडे सरकवला. ‘खोबरं संपवू नकोस,’ म्हणाली, ‘आईला ठेवायचंय.’