ओव्हल मैदानाजवळचे तीन दरवाजे

आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाची सहल दरवर्षी निघते. कान्हेरी झाली, कार्ला झाले, महाड तर दोनदा झाले. गेल्या मार्चमध्ये आम्ही सुचवले, की या वेळी फोर्टात जाऊ. हायकोर्ट, विधानभवन आणि मंत्रालय बघू. आत्याबाई म्हणाल्या, "कचेऱ्या काय बघायच्या? तिथं लोक रडायला जातात." तरी बावीस जण तयार झाले. आमचे वडीलही निघाले. त्यांना सगळी वस्ती आबा म्हणते. वय बहात्तर, गुडघे दुखतात. एरवी सहलीला न येणारा हा माणूस या वेळी का निघाला, ते संध्याकाळी कळले.

हार्बरच्या गाडीने सीएसएमटीला उतरून आम्ही हुतात्मा चौकावरून हायकोर्टाकडे चालत गेलो. ही इमारत १८७८ साली पुरी झाली. काळ्या दगडाची, उंच शिखरांची. एका डोळ्याला पट्टी बांधलेले आणि हातात तराजू धरलेले एक माकड दगडात कोरले आहे, ते पोरांनी शोधून काढले. "हे न्यायाधीश का?" म्हणून खसखस पिकली. आत मात्र सगळे गप्प झाले. नावे नोंदवून, तपासणी होऊन आम्ही एका कोर्टात मागच्या बाकांवर बसलो. न्यायालय उघडे असते, कोणालाही बसून ऐकता येते, हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हते.

वकिलांचे इंग्रजी बायांना कळेना. म्हणून बाहेर व्हरांड्यात आल्यावर आम्ही त्यांना याच कोर्टात लागलेला एक निकाल सांगितला. चवदार तळ्याचा निकाल कुठे लागला, हे महाडला दोनदा जाऊन आलेल्यांनाही माहीत नव्हते.

वाचकहो, ही हकीकत मुळापासून बघण्यासारखी आहे. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव पास झाला. पण ठराव म्हणजे कायदा नव्हे. आम्ही कारकून माणसे, आम्हाला हा फरक रोज दिसतो. कागद सुंदर असतो, पण अंमल कोणी करायचा तो रकाना रिकामा असतो. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला आणि गप्प बसली. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारोंसह त्या तळ्याचे पाणी प्यायले. मग ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रहाची तयारी झाली, तेव्हा सवर्णांनी दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणला. तळे खाजगी आहे आणि वहिवाट जुनी आहे, असे त्यांचे म्हणणे. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला आणि दावा लढवला. खालच्या कोर्टांतून अपिले होत होत १७ मार्च १९३७ ला या हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. पाणी प्यायल्याला दहा वर्षे होत आली होती.

"म्हणजे ठराव केला एकानं, पाळायचा दुसऱ्यानं, अन् निवाडा तिसऱ्यानं," आत्याबाई म्हणाल्या. मॉन्टेस्क्यू नावाच्या फ्रेंच पंडिताने १७४८ साली मोठा ग्रंथ लिहून जे मांडले, ते आत्याबाईंनी हायकोर्टाच्या पायरीवर चप्पल सरळ करता करता मांडले.

बारावीतल्या एका पोराने विचारले, "काका, तिघं एकच असते तर?" तसे होतेच. इंग्रजी अमलात कलेक्टर सारा वसूल करी, पोलिसांवर हुकमत त्याचीच आणि मॅजिस्ट्रेट म्हणून खटलाही तोच चालवी. धरणारा तोच आणि न्याय करणारा तोच. म्हणून २४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी घटना समितीत कलम मांडले, की न्यायखाते कारभारी खात्यापासून तोडावे. आधी तीन वर्षांची मुदत घातली होती, ती दुसऱ्या दिवशी काढली गेली. आजचे ५० वे कलम ते हेच. पुढे नवा फौजदारी प्रक्रिया कायदा १ एप्रिल १९७४ ला अमलात आला, तेव्हा न्यायदंडाधिकारी आणि कार्यकारी दंडाधिकारी देशभर वेगळे झाले. मुदत काढली ती चांगली केली की वाईट, यावर आमचा अजून निर्णय होत नाही.

उन्हातून ओव्हल मैदान ओलांडले. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी बायांनी डबे सोडले. तिथून विधानभवन जवळच. ही इमारत १९८१ ची. बाबासाहेब आमदार म्हणून बसत ते सभागृह हे नव्हे, ते रीगल सिनेमाजवळचे जुने कौन्सिल हॉल. खोतीविरोधी बिल त्यांनी १९३७ साली पुण्याच्या अधिवेशनात मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणच्या शेतकऱ्यांचा मोर्चा या कौन्सिल हॉलवर नेला.

आमदारांच्या चिठ्ठीवर पास मिळाले होते. गॅलरीत पाऊण तास बसलो. गोंधळ फार आणि काम थोडे, एवढेच त्याबद्दल लिहितो. आबांनी मात्र नेमके विचारले, "मंत्री आमदारांतच बसलाय की! मग वेगळं कुठं झालं?" आम्ही सांगितले, की अमेरिकेत मंत्री सभागृहाचा सभासद नसतो. आपल्याकडेही तसेच असावे, अशी के. टी. शहा यांची सूचना होती, ती घटना समितीने घेतली नाही. सरकार पक्के बसण्यापेक्षा त्याला रोज जाब विचारता येणे महत्त्वाचे, असे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात मांडले होते. न्यायाधीशाच्या वागणुकीवर मात्र या सभागृहात चर्चा करता येत नाही (कलम २११) आणि सभागृहाच्या कामकाजाची चूक कोर्टाला काढता येत नाही (कलम २१२).

समोर मंत्रालय. बाकीचे चहाला गेले आणि आबा आम्हाला म्हणाले, "चल, रांगेत उभं राहू." फोटो काढून पास मिळाला. आत गेल्यावर ते म्हणाले, "मी इथं अकरा अर्ज पाठवले. कधी आत आलो नव्हतो."

१९७९ साली आबा केंद्राच्या एका खात्यात राखीव जागेवर निवडले गेले होते. दाखल्यावर 'नवबौद्ध' लिहिले होते. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या होत्या, पण केंद्रात तो दाखला चालेना. तिथल्या कारकुनाने सांगितले, धर्म हिंदू लिहून आणा, उद्या हजर व्हा. आमच्या चुलत्यांनी तसे केले. आज ते पेन्शन घेतात आणि त्यांना नावे ठेवावीत असे आम्हाला वाटत नाही. आबांनी केले नाही. ते गिरणीत लागले, १९८२ चा संप झाला, मग वॉचमन झाले. आणि मंत्रालयाला अर्ज करत राहिले. दर वेळी एकच उत्तर: बाब केंद्र शासनाच्या अखत्यारीतील आहे.

आम्ही त्यांना तिथेच, जिन्याजवळ, ३४१ वे कलम समजावले. अनुसूचित जातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरली, आणि एकदा ठरल्यावर ती बदलण्याचा अधिकार फक्त संसदेला, तोही कायदा करून. मुख्यमंत्र्याने मनात आणले तरी त्याला ते जमले नसते. कोर्टालाही जमले नाही. नागपूरच्या राखीव जागेवरून निवडून आलेले मेश्राम बौद्ध झाले म्हणून अनुसूचित जातीचे उरत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६४ सालीच दिला होता. संसदेने कायदा केला तो १९९० मध्ये. तोवर आबांचे वय उलटून गेले होते.

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मधल्या चौकावर जाळी ताणलेली आहे, २०१८ साली बसवलेली, कोणी वरून उडी घेऊ नये म्हणून. तिच्याकडे बघत होते.

"म्हणजे दार चुकीचं होतं," ते म्हणाले. "अकरा अर्जांत एकानंही कुणी लिहिलं नाही, की बाबा, दार दिल्लीला आहे, खासदाराला गाठ."

परतीच्या गाडीत त्यांनी आत्याबाईंच्या नातवाला शेजारी बसवून घेतले आणि आपला खासदार कोण, आमदार कोण, नगरसेवक कोण, हे तीनदा म्हणून घेतले. पोराला नगरसेवकाचे नाव येईना. खरे सांगायचे तर आम्हालाही चटकन आठवले नाही.