फ्रीलान्स म्हणजे फुकट नव्हे!

मंडळी, 'फ्रीलान्स' ह्या शब्दातलं 'फ्री' फार दगा देतं. परवाच एका कंपनीने वीस पानांचा अनुवाद 'नमुना म्हणून' मागितला. फुकटात! मावशी तर दर दिवाळीला विचारते, "अगं पण पैसे देतात ना?" (मावशी, तू हे वाचतेस ते ठाऊक आहे. रागावू नकोस.)

खरं तर ह्या 'फ्री'चा फुकटाशी काडीचाही संबंध नाही. वॉल्टर स्कॉटची 'आयव्हॅन्हो' ही कादंबरी १८१९ च्या डिसेंबरात आली आणि तिच्यामुळे हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. बाराव्या शतकातल्या इंग्लंडची गोष्ट. त्यात डी ब्रेसी नावाचा एक सरदार आहे, त्याच्याकडे भाडोत्री स्वारांची टोळी. लान्स म्हणजे घोडेस्वाराचा लांब भाला आणि फ्री म्हणजे मोकळा, कुणा एका धन्याला न बांधलेला. पैसे मोजेल त्याच्यासाठी लढायचं. गंमत म्हणजे हा ब्रेसी सांगतो काय, तर मी राजा रिचर्डला माझे फ्री लान्सेस देऊ केले, पण तो नको म्हणाला! आता हल बंदर गाठू, जहाजं बळकावू, फ्लँडर्सला जाऊ. दिवस धामधुमीचे आहेत, काम मिळेलच. वाचून हसूच आलं. नकार पचवून दुसरं गिऱ्हाईक शोधायचं, हे तेव्हापासूनचंच आहे तर! (जहाजं बळकावणं तेवढं आपल्याला जमत नाही.)

आपल्याकडे ह्याला किती छान शब्द होता... शिलेदार. मराठ्यांच्या फौजेत बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार दोन्ही स्वतःचं घेऊन येई. म्हणून त्याला पैसे जास्त, पण घोड्याच्या दाणावैरणीचा घोरही त्यालाच. मागच्या जूनमध्ये काम द्यायच्या दोन दिवस आधी माझा लॅपटॉप बंद पडला, तेव्हा हा घोर काय असतो ते कळलं. 'मुक्त व्यावसायिक' मला कधी आवडलाच नाही, सरकारी फॉर्मातला वाटतो. शिलेदार कसा ऐटीत!

असो. हे सगळं डोक्यात घोळायचं कारण म्हणजे एका ठिकाणाहून नोकरीचं बोलावणं आलंय. ठरलेला पगार, पीएफ, लॅपटॉपसुद्धा त्यांचाच. थोडक्यात, बारगिरी. गेल्या वर्षी आई इस्पितळात होती तेव्हा माझी तीन बिलं थकलेली होती. त्यामुळे बोलावणं सहज उडवून लावता येत नाही. आणि नको त्या कामाला 'नको' म्हणायची सवय सोडवतही नाही.

आई म्हणते, "तुझं तू ठरव." सोमवारपर्यंत कळवायचंय.