खर्जाची तार आणि पेडल

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून जवारी लावतात, हे संगीत ऐकणाऱ्या घरांत ठाऊक असते. धागा नेमक्या जागी बसला की एकाच तारेतून सुरांचे मोहोळ उठते. मूळ स्वराच्या पाठीवर त्याचे उपस्वर ऐकू येऊ लागतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदातील डिस्टॉर्शन पेडलचे काम मी माझ्यापुरते या जवारीवरून समजून घेतले. रीत निराळी आहे. पेडलमध्ये विजेच्या लहरीचा माथा छाटला जातो आणि त्या छाटणीतून नवे उपस्वर जन्मतात. परंतु मूळ स्वर अधिक भरदार, अधिक खरखरीत व्हावा, हा हेतू दोहोंकडे सारखाच.

या विषयाकडे मी वळलो तो नातीमुळे. ती पुण्यात अभियांत्रिकी शिकते आणि मित्रमैत्रिणींच्या वाद्यवृंदात विद्युत बास गिटार वाजवते. दिवाळीत सांगलीस आली असता तिने तारांचा संच आणि पेडल यांच्या खर्चाचा प्रस्ताव माझ्यापुढे ठेवला. बँकेत आयुष्य कर्जप्रस्ताव वाचण्यात गेल्यामुळे 'कशासाठी?' हा प्रश्न माझ्या तोंडून आपोआप निघतो. ती म्हणाली, "आजोबा, गिटारवाल्या मित्राचं पेडल लावून पाहिलं. ते दाबलं की माझा आवाजच नाहीसा होतो. मुलं म्हणतात, तुझ्यावाचूनही चालतंय." हे शेवटचे वाक्य ती हसत बोलली, ते हसू काही मला खरे वाटले नाही. संक्रांतीनंतर त्यांची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती.

आवाज नाहीसा का होतो, याचे कारण हिशेबासारखे स्वच्छ आहे. लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये बाजारात आणलेल्या प्रिसिजन बासपासून हे वाद्य चार तारांचे रूढ झाले. त्याची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. हा खर्ज म्हणजे वाद्यवृंदाचे भांडवल. वरचा सगळा व्यवहार त्याच्यावर चालतो. साध्या गिटारसाठी बनवलेली बरीच पेडले मात्र छाटणीपूर्वीच खालचे स्वर मोठ्या प्रमाणात गाळून टाकतात, कारण गिटारला ते अडचणीचे असतात. बास त्यातून गेला की तळ हरवतो आणि वरची खरखर तेवढी उरते. ती खरखर गिटारच्याच पट्टीत येते, म्हणून दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. दोष वाजवणाऱ्याच्या हाताचा नसतो.

गंमत अशी की, या फाटक्या आवाजाच्या पेडलचा उगम झाला तो बासमुळेच. मार्टी रॉबिन्स यांच्या 1961 मधील 'डोन्ट वरी' या गाण्यात ग्रेडी मार्टिन यांचा सहा तारी बास ध्वनिमुद्रण यंत्रातील बिघाडामुळे घोगरा उमटला आणि लोकांना तो आवडला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी त्यावरून मंडल रचले व 1962 मध्ये गिब्सन कंपनीचे 'मेस्ट्रो फझ-टोन' पेडल बाजारात आले. बिघाडाचे भांडवल करणे याला म्हणतात! पुढे 1965 मध्ये बीटल्सच्या 'थिंक फॉर युवरसेल्फ' या गाण्यात पॉल मॅकार्टनी यांनी साधा बास वाजवून त्यावर फझचा बास स्वतंत्रपणे चढवला. तळ साधा आणि वर नक्षी, अशी ती युक्ती. माझ्या मते बासच्या पेडलची सारी निवड याच एका मुद्द्यावर व्हावी.

हल्ली हीच युक्ती एका बटणात मिळते. बासच्या अनेक पेडलांवर 'ब्लेंड' हे बटण असते. त्याने मूळ स्वच्छ आवाज आणि छाटलेला आवाज यांचे प्रमाण ठरवता येते. बॉसच्या ओडीबी-3 वर त्याला 'बॅलन्स' म्हटले आहे, टेक 21 च्या सॅन्सअँप बास ड्रायव्हरवर 'ब्लेंड'. ओव्हरड्राइव्ह सौम्य, डिस्टॉर्शन त्याहून कडक आणि फझ सर्वांत उग्र, हा भेद आहेच. पण तो रुचीचा प्रश्न. स्वच्छ आवाज सोबत ठेवण्याची सोय आहे की नाही, हे आधी पाहावे.

तारांचा विचार मात्र पेडलच्या आधीचा. पेडल तारेतून येईल तेच वाढवून देणार. गोल तार गुंडाळलेली राउंडवाउंड तार चमकदार वाजते. चपटी पट्टी गुंडाळलेली फ्लॅटवाउंड मऊ, दबक्या स्वराची आणि वर्षानुवर्षे टिकणारी. मोटाउनचे जेम्स जेमरसन फ्लॅटवाउंडवर वाजवत. द हूचे जॉन एन्टविसल यांच्या सहकार्याने रोटोसाउंडने 1966 मध्ये पोलादी राउंडवाउंड घडवली. डिस्टॉर्शनमुळे लहानमोठे आवाज जवळजवळ एका पातळीवर येतात, त्यामुळे तारेवरून बोट सरकल्याची करकरही मोठी होते. झगझगीत पोलादी तार आणि कडक पेडल एकत्र आले की कानाला टोचते. म्हणून निकेलचा मुलामा दिलेली राउंडवाउंड, 45 ते 105 जाडीची, असा मध्यममार्ग आम्ही धरला. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागाचे आहेत.

सौभाग्यवतींचा प्रश्न वेगळाच होता. सारंगीला तात लागते, म्हणजे आतड्याची तार, हे त्यांना ठाऊक, "याच्या तारा कशाच्या?" असे त्यांनी विचारले. या तारा लोखंडावर पडणाऱ्या चुंबकीय पिकअपसाठी असल्याने पोलाद व निकेलच्याच असतात, आतड्याचा प्रश्न येत नाही. परंतु काही संचांत तारेच्या टोकांना रंगीत दोरा गुंडाळलेला असतो आणि त्याला 'सिल्क' म्हणतात. आज तो पुष्कळदा कृत्रिम धाग्याचा असतो. तरी ज्या घरांत रेशीम वर्ज्य आहे त्यांनी उत्पादकाकडे विचारावे, किंवा दोरा नसलेला संच घ्यावा. तोही मिळतो. गळ्यातला पट्टा चामड्याचा न घेता सुती किंवा नायलॉनचा घेता येतो.

खरेदी मुंबईत धोबी तलावच्या एका जुन्या दुकानातून झाली. वाद्य सोबत नेले होते, ते तेथल्याच अँप्लिफायरला जोडून तिने तासभर चार पेडले पाहिली. एकट्याने वाजवताना जे सर्वांत भारदस्त वाटले ते तिने बाजूला ठेवले आणि दुकानातल्या मुलाला सोबत गिटार वाजवायला सांगून पुन्हा ऐकले. गिटारच्या गर्दीतही ज्याचा तळ टिकला, तेच घेतले. निवड तिची, मी फक्त पावती तपासली.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. बहुतेक पेडले 9 व्होल्टवर चालतात, पण अ‍ॅडॉप्टरच्या टोकाचा धन-ऋण क्रम पेडलवर छापलेल्या खुणेशी ताडून घ्यावा. सहसा मध्यभाग ऋण असतो. आणि बॅटरीवर चालवत असाल तर वाजवून झाल्यावर वायर पेडलमधून काढून ठेवा; ती खोचलेली राहिली तर पेडल बंद दिसत असतानाही बॅटरी उतरत राहते.