तापाचं वावडं

काजव्याच्या पोटातलं ल्युसिफेरेज हे विकर कामाला चोख. ल्युसिफेरिन हे इंधन, पेशीतली ऊर्जा वाहणारं एटीपी आणि ऑक्सिजन मिळाला की उजेड पाडल्याशिवाय राहत नाही. ५५० अमिनो आम्लांची त्याची साखळी दुमडून दोन भाग होतात, एक थोरला आणि एक धाकटा. मधल्या खाचेत ल्युसिफेरिन आणि एटीपी शिरले की धाकटा भाग वरून मिटतो आणि दोघांचा सांधा जुळतो. मग तो जवळजवळ १४० अंशांत वळतो, ऑक्सिजनची पाळी येते आणि पिवळसर हिरवा प्रकाश बाहेर पडतो.

इतकं गुणी, पण तापाचं त्याला भारी वावडं. आपल्या अंगाच्या तापमानाला, ३७ अंशांना, परीक्षानळीत ते काही मिनिटांतच मलूल होतं. ऊब वाढली किंवा द्रावण आम्लधर्मी झालं की हिरवा उजेड तांबूस होऊ लागतो. मला यात त्याचा दोष वाटत नाही. काजवा रात्रीच्या गारव्यात वावरणारा किडा, आणि त्याच्या पेशी लागेल तसं नवं विकर घडवतात. विकर टिकून राहावं ही निकड आपली आहे.

ती निकड जुनी. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जीवरसायनतज्ज्ञ विल्यम मॅकेलरॉय शेकडा २५ सेंट देऊन मुलांकडून काजवे गोळा करवीत. या उजेडाला एटीपी लागतं हे त्यांनी १९४७ साली दाखवलं, आणि तेव्हापासून जिथे एटीपी तिथे जीव, हे तपासायला ल्युसिफेरेज हाताशी आलं. १९८५ साली त्याचं जनुक ई. कोलाय या जिवाणूत घालता आलं आणि काजव्यांच्या धरपकडीची गरज उरली नाही. नाजूकपणा मात्र तसाच राहिला.

तो घालवण्याची रीत मला फार आवडते. जनुकात आंधळेपणाने बदल करायचे, त्यातून वाढलेल्या जिवाणूंच्या ठिपक्यांना आधी शेक द्यायचा, वर ल्युसिफेरिनचा फवारा मारायचा आणि अंधारात बघायचं, अजून कोण उजळतंय. जो ठिपका तग धरतो तो उचलायचा. अमेरिकन काजव्याच्या विकरात ३५४व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन बसलं की ते उष्णतेत जास्त वेळ टिकतं, हे असंच कळलं. ही जागा साखळीच्या पृष्ठभागावर आहे. आधी बुद्धी लढवून ती कोणी निवडली असती असं वाटत नाही. जपानी गेंजी काजव्यात २१७वी जागा अशीच कामी आली. ती सोया सॉसवाल्या किक्कोमनच्या संशोधकांनी १९९३ साली दाखवली. पुढे असे बदल एकावर एक रचत गेले, आणि आज अन्नातला साल्मोनेला शोधणाऱ्या काही चाचण्यांत ६० अंशांच्या आसपास हे विकर इमानाने उजेड देतं.

तरी मूळच्या हळव्या ल्युसिफेरेजची गरज संपलेली नाही. उलगडलेली प्रथिनं पुन्हा नीट कशी दुमडतात याचा अभ्यास करणारे तेच मागतात. ते तापवून विझवायचं, मग एचएसपी७० सारखी मदतनीस प्रथिनं सोडायची आणि परतणारा उजेड मोजत बसायचं. टणक विकर घेतलं तर ते मुळात विझणारच नाही, मग मोजणार काय?