अलीफजाची वचनं

ईयोबाच्या पुस्तकातला पाचवा अध्याय मी कित्येक वर्षं लोकांच्या दुःखात वाचत आलो. देव ज्याला शिक्षा लावतो तो धन्य, जखम करणारा तोच आणि ती बांधणाराही तोच, अशा आशयाची वचनं. मंडळीत माझ्याकडे घरभेटींचं काम होतं आणि ही वचनं मला तोंडपाठ होती.

एका घरी तरुण मुलगा अपघातात गेला. तिथेही मी तीच वाचली. वर म्हणालो, "ताई, देव सार्वभौम आहे. यातून तो तुम्हाला काहीतरी शिकवत असेल." त्या म्हणाल्या, "मला शिकवायला माझ्या लेकराला नेलं?" मी घाईघाईने प्रार्थना सुरू केली. त्या प्रार्थनेची मला सर्वांत जास्त लाज वाटते. ती देवासाठी नव्हतीच, त्या बाईंना गप्प करण्यासाठी होती.

पुढे बायबल अभ्यासाच्या निमित्ताने ते पुस्तक सलग वाचलं. तोवर मी त्याची दोन टोकंच सांगत असे: सुरुवातीची परीक्षा, जिथे ईयोबाची दहाही मुलं मरतात, आणि ४२वा अध्याय, जिथे ७,००० मेंढरांची १४,००० होतात. सलग वाचताना कळलं, पाचव्या अध्यायात बोलतो तो ईयोबाचा मित्र अलीफज तेमानी. आणि शेवटी देव त्याच्यावरच रागावतो: तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला.

मग अलीफजाचं म्हणणं खोटं होतं का? इथे मी बराच अडखळलो, कारण नीतिसूत्रांत आणि इब्री लोकांस पत्रात जवळपास हीच शिकवण आहे. चुकलं ते त्याचं निदान. ईयोबाचं दुःख शिक्षा नव्हतंच. दुसऱ्या अध्यायात देव स्वतः सैतानाला म्हणतो, याचा विनाकारण नाश करायला तू मला चिथावलंस. मित्रांना हे ठाऊक नव्हतं आणि ईयोबालाही ते शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ मुकाट बसले, तेवढं मात्र त्यांनी योग्य केलं.

वावटळीतून देव बोलतो तेव्हाही तो कारण देत नाही. पृथ्वीचा पाया कोणी घातला, रानबकऱ्या कधी वितात, निर्जन रानात पाऊस कोण पाडतो, असंच विचारत जातो. देवाने जे स्पष्टीकरण दिलं नाही, ते मी त्याच्या नावाने घरोघर देत होतो आणि त्याला सार्वभौमत्व म्हणत होतो. ईयोबाने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, देवाकडे न्याय मागितला, तो मला अविश्वास वाटायचा. पण त्या चौघांत देवाशी बोलणारा तो एकटाच होता. बाकीचे देवाविषयी बोलत होते.

अलीफजाला सात बैल आणि सात मेंढे घेऊन ईयोबाकडे जायची आज्ञा झाली. ईयोबाने प्रार्थना केली तरच त्याची सुटका होती. मीही त्या ताईंकडे गेलो, क्षमा मागितली आणि माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणालो.

"माझ्याच्याने अजून प्रार्थना होत नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ईयोबाला पुन्हा मुलं झाली ना?"

"झाली. सात मुलगे, तीन मुली. पण आधीची दहा परत आली असं कुठे लिहिलेलं नाही."

मग त्या आपल्या मुलाविषयी बोलू लागल्या.