लागेल कधीतरी!

मराठी मध्यमवर्गीय घरातून वस्तू बाहेर जायच्या वाटा दोनच : मोडणं आणि चोरीला जाणं. त्यातली पहिली आमच्याकडे बंद आहे. मोडलेली वस्तू 'लागेल कधीतरी' या खात्यात जमा होऊन माळ्यावर चढते. आमच्या माळ्यावर तीन स्टोव्ह, एक दांडा नसलेली छत्री, एक छत्री नसलेला दांडा आणि रेडिओचं रिकामं खोकं आहे. रेडिओ केव्हाच गेला. खोकं 'मजबूत आहे हो' म्हणून राहिलंय.

अशा घरात वाढलेल्या माझ्या शरीरातली प्रत्येक पेशी अखंड भंगार काढत असते, हे वाचून मला स्वतःच्याच शरीराबद्दल परकेपणा वाटू लागला. पेशीत हजारो तऱ्हेची प्रथिनं असतात. एखादं जुनं झालं, एखाद्याची घडी चुकली, की ते मोडीत काढतात. शास्त्रज्ञांना कोडं पडलं होतं ते असं, की प्रथिन बांधायला शक्ती लागते हे ठीक, पण मोडायलाही का लागावी? हे कोडं आमच्या हिला घातलं असतं तर एका मिनिटात सुटलं असतं. एक चिरकी बादली टाकायला या घरात किती शक्ती खर्च होते, ते तिलाच ठाऊक!

पण ते सोडवलं इस्राएलमधल्या हैफाच्या टेक्निऑन संस्थेतल्या अवराम हर्श्को आणि आरोन चिखानोव्हर यांनी, फिलाडेल्फियाच्या अर्विन रोझ यांच्या साथीनं. २००४ साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. टाकायच्या प्रथिनाला आधी एक चिठ्ठी चिकटवतात. ही चिठ्ठीही प्रथिनच, ७६ अमिनो आम्लांचं. सगळीकडे सापडतं म्हणून नाव 'युबिक्विटिन'. आपल्याकडे बारसं झालं असतं तर 'जळीस्थळी' ठेवलं असतं. चिठ्ठ्यांची माळ लागली की 'प्रोटिअसोम' नावाचं पिंपाच्या आकाराचं यंत्र त्या प्रथिनाचे तुकडे करतं. आणि चिठ्ठ्या? त्या तेवढ्या अलगद सोडवून पुन्हा वापरायला ठेवतात. इथे मात्र पेशी मला एकदम घरची वाटली.

भानगड होते मेंदूत. इतर बऱ्याच पेशी विभागतात. बदलीच्या नोकरीतल्या माणसासारखं त्यांचं सामान वाटलं जातं. मेंदूतल्या मज्जापेशी बहुतेक जन्मभर एकाच बिऱ्हाडात. तिथे साठलं की साठलंच. १९०६ साली आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरनं, स्मृती गेलेल्या एका बाईच्या मेंदूत असाच गाळ आणि गुंते पाहिले. पुढे १९८७ साली त्या गुंत्यांत चक्क युबिक्विटिन सापडलं. म्हणजे चिठ्ठी लागली होती, गाडीच आली नव्हती! गाडी बिघडली म्हणून कचरा साठला, की कचऱ्यानं गाडी अडली, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

माझ्या थोरल्या मावशीला हा आजार होता. आधी चष्मा हरवला, मग गॅस बंद केला की नाही ते, मग भाच्यांची नावं. मी गेलो की विचारायची, "तुम्ही कोणाकडचे?" आणि त्याच दमात, "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही हं!" विसरणं म्हणजे काहीतरी निघून जाणं असं आपण म्हणतो. तिच्या डोक्यात, जे निघून जायला हवं तेच ठाण मांडून बसलं होतं आणि आम्हाला जागा उरली नव्हती.

ती गेल्यावर तिचं कपाट आवरायला आम्ही तिघं भाचरं बसलो. प्रत्येक पुडक्यावर तिच्या मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठी : 'गौरीचे मुखवटे', 'दुलईचे तुकडे', 'पणत्या, जुन्या'. सगळ्यात खालच्या पुडक्यावर नुसतंच, 'बघून टाकणे'.

आम्ही बघितलं. आमच्या लहानपणच्या लोकरीच्या टोप्या होत्या, कसर लागलेल्या.

ते पुडकं सध्या माझ्याकडे आहे.